उभी गाडी, चालू इंजिन

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ओरगडमच्या कारखान्यामागच्या चाचणीच्या रस्त्यावर काळी गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. इंजिन त्याने बंद केलं नाही. दार लावून तो कुंपणापाशी कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला, कारण त्याला तसंच सांगितलेलं होतं. गाडीच्या पुढच्या दोन्ही सीट रिकाम्या राहिल्या. मागच्या सीटवर पद्मनाभराव बसलेले होते, आणि काचेतून ते हात हलवत होते.

देविका चौगुलेनं टॅबवरची नोंद सुरू केली. बाहेरचं तापमान एकेचाळीस. वारा नाही. कत्तिरीचे दिवस होते, म्हणजे चेन्नईच्या उन्हाळ्यातले सगळ्यात वाईट. तिला तेच हवे होते.

"चालू?" कापडी मांडवाखालून कुशलनं विचारलं.

"चालू."

"म्हणजे आता ही उभी राहील आणि आपण हिच्याकडे बघत राहू." कुशलनं लॅपटॉप जरा सावलीत ओढला. "साडेचार सेकंदांत शंभरचा वेग घेणारी गाडी आहे बे. पळवायची म्हटली असती तर मी ढोल वाजवत आलो असतो. उभ्या गाडीची चाचणी कोण घेते?"

"चेन्नईत घेतात."

"चेन्नईत तूच घेते फक्त."

कुशल मूळचा नागपूरचा. इंजिन सांभाळणारं सॉफ्टवेअर तो शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात बसून लिहायचा, आणि त्या सॉफ्टवेअरला कुणी नावं ठेवलेली त्याला चालत नसत. देविका इचलकरंजीची. गाडीतली उष्णता हा तिचा विषय. गाडीचा कुठला भाग किती तापेल आणि किती तापलेला चालेल, ते ठरवायचं आणि त्यावर सही करायची. दोघं चार वर्षं एकमेकांशी भांडत आले होते आणि दोघांचंही त्याशिवाय भागत नव्हतं.

गाडी कागदावर देखणी होती. चार लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन, दोन ओळींत इंग्रजी व्ही अक्षरासारखं बसवलेलं. त्या दोन ओळींच्या मधल्या घळीत इंजिनात जादा हवा कोंबणारे दोन टर्बो. पाचशे दहा अश्वशक्ती, सातशे न्यूटन-मीटर टॉर्क, नऊ गिअर, हवेवर तरंगणारं सस्पेन्शन, सव्वापाच मीटर लांबी. दोन टर्बो इंजिनाच्या पोटात बसवल्यामुळे पायाखाली ताकद ताबडतोब मिळायची. पण जिथे ते बसवले होते तिथून उष्णता बाहेर पडायला वाट कमी होती. गाडी पळत असताना समोरून वारा येतो आणि सगळं निभतं. गाडी उभी असली की उरतो तो फक्त पंखा.

परदेशातल्या मुख्यालयातले लोक उभ्या गाडीची चाचणी अर्धा तास घेत. त्यांच्या देशात इंजिन चालू ठेवून गाडी त्याहून जास्त वेळ कुणी उभी करत नाही. देविकानं जानेवारीत अण्णा नगरच्या एका लग्नाच्या हॉलबाहेर वेगळं पाहिलं होतं. मोठमोठ्या गाड्यांची रांग, प्रत्येकीचं इंजिन चालू, ड्रायव्हर पलीकडे चहाच्या गाड्यावर, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या मागच्या सीटवर एसीच्या गारव्यात बसलेलं एखादं म्हातारं माणूस. कुणाचे गुडघे पायऱ्या चढू देत नव्हते, कुणाला गर्दी सोसत नव्हती. आतलं कार्य संपेपर्यंत ती माणसं तशीच बसून होती. देविका रिसेप्शनला आली होती, जेवायचं सोडून ती रस्त्यावर उभी राहून गाड्या बघत राहिली. कार्य संपायला दोन तास लागले.

तेव्हापासून ती ही चाचणी मागत होती. मुख्यालयानं तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्यांदा पद्मनाभरावांनी फोन केला, आणि एक गाडी, एक दुपार, एवढं मिळालं.

एवढंच मिळालं होतं, कारण वेळच उरला नव्हता. इथे जोडलेल्या पहिल्या गाड्या कारखान्याच्या गेटपाशी लांब ट्रेलरांवर चढवून, दोर आवळून तयार होत्या. संध्याकाळी सहाला ट्रेलर सुटायचे होते. इंजिनाच्या उष्णतेची मंजुरी देविकाची, आणि तिनं टॅबवर अंगठा टेकवल्याशिवाय गेट उघडणार नव्हतं.

पद्मनाभराव या कारखान्याच्या चाचणी विभागाचे प्रमुख, आणि महिनाअखेर निवृत्त होणार होते. ही गाडी बाहेरून आयात करायची नाही, ओरगडमला जोडायची, हा हट्ट त्यांचा. त्यासाठी त्यांनी सहा वर्षं मुख्यालयाशी झगडा घातला होता. घराणं तंजावरचं, पूर्वज मराठे राजांबरोबर दक्षिणेत उतरलेले. घरी ते जी मराठी बोलत तिच्यात तमिळ मिसळलेलं असे आणि महाराष्ट्रात केव्हाच विसरलेले शब्द टिकून राहिलेले असत.

देविकाचा फोन वाजला. काचेच्या आतून तेच बोलत होते.

"अम्मा, हें सीट पाठ चेपतें. मज कोणी सांगितलं नाहीं."

"सर, मसाज बंद करा. बॅटरीचा हिशेब बिघडेल."

"थोडं तरी चेपूं दे की. आठ सिलिंडर लावून गाडी बांधली, एक म्हाताऱ्याची पाठ चेपली तर काय होतें?"

"चेपा मग. पण गारवा बाविसावर ठेवा आणि हात लावू नका."

"सरि, सरि. पारुकुट्टीला सांगीन, तुझ्या नवऱ्यानं राजासारखा दिवस काढला."

पारुकुट्टी म्हणजे त्यांची बायको विजयालक्ष्मी. हे नाव त्यांनी ठेवलं होतं आणि त्यांच्याशिवाय कुणी वापरत नसे. मागे माणूस बसलेला हवा, ही देविकाची अट होती. बसणार मीच, ही त्यांची. ऑफिसातल्या कोणाही पोराला बसवता आलं असतं. पण ज्या गाडीचे सगळे आकडे त्यांना तोंडपाठ होते, तिच्या मागच्या सीटवर ते आजवर एकदाही बसले नव्हते.

इंजिन जवळजवळ आवाज न करता चालत होतं. डोळे मिटले तर गाडी उभी आहे हेही कळलं नसतं; फक्त पुढच्या जाळीमागे पंखा मोठ्यानं घोंगावत होता आणि बॉनेटवरची हवा थरथरत होती.

"काय होईल असं वाटते तुला?" कुशलनं विचारलं.

"टर्बोच्या मागे रबरी नळी आहे. दीडशेपर्यंत सोसते. मला वाटतं, दीड तासानं ती दीडशेच्या वर जाईल."

"वाटते की माहीत आहे?"

"माहीत आहे."

"आणि मी म्हणतो नाही जाणार."

"तू कशावरून म्हणतोस?"

"मी लिहिलं आहे म्हणून." कुशलनं खुर्ची मागे कलती केली. "ही गाडी स्वतःला जळू देत नाही. तापली की आपली आपण सावरते. पैज लावतो, चल."

"कसली?"

"हरलीस तर मुख्यालयाला तू स्वतः लिहायचं. 'कुशल देशकर यांचं सॉफ्टवेअर निर्दोष आहे.' निर्दोष, असाच शब्द."

"आणि तू हरलास तर?"

"मी कशाला हरीन?"

तिनं मान हलवली. तिला मनातून आपल्याच आकड्याची खात्री होती. नळीवर चिकटवलेल्या तारेतून येणारं तापमान टॅबवर हिरव्या रेषेनं चढत होतं. पहिल्या अर्ध्या तासात एकशे चार. मग एकशे अठरा. मग एकशे एकतीस. रेषा तिनं आधी काढून ठेवलेल्या रेषेला जवळजवळ चिकटून चालली होती. कडुनिंबाखाली ड्रायव्हर दुसऱ्या कुणाशी बोलत पाठमोरा उभा राहिला होता. अण्णा नगरला दिसलं होतं तसलंच दृश्य, फक्त लग्न नव्हतं.

एकशे एकोणचाळीस.

"आलं बघ," देविका म्हणाली.

"येऊ दे."

एकशे एक्केचाळीस. मग एकशे एक्केचाळीसच. तिनं टॅब डोळ्यांजवळ आणला. रेषा वर जायची थांबली होती. थोड्या वेळानं ती खाली कलली आणि एकशे अडतीसवर आडवी झाली, आणि तिथेच राहिली.

कुशलनं दोन्ही हात जोडले, लॅपटॉपला नमस्कार केला, आणि मग तिला.

"निर्दोष," तो म्हणाला. "न ला पहिली वेलांटी."

"थांब जरा."

"काय थांब? दीड तास झाला. दीडशे कुठे आहे तुझं?"

देविका रेषेकडे बघत राहिली. हरल्याचं तिला काही वाटत नव्हतं. आकडा चुकला तर चुकला. पण उष्णता आपसूक नाहीशी होत नाही, हे ती पहिल्या वर्षापासून शिकत आली होती. इथून कमी झाली तर दुसरीकडे कुठे तरी गेली असणार, किंवा कुणी तरी ती तयार करायचं थांबवलं असणार. बाहेर एकेचाळीस होतं तेच होतं. पंखा आधीच पूर्ण वेगात होता.

"तू बंद काय केलंस?"

"मी काही नाही केलं. गाडीनं केलं. नियमाप्रमाणे."

"काय केलं गाडीनं?"

"एसीचा भार थोडा कमी केला असेल. सगळ्याच गाड्या करतात. इंजिन आधी, गारवा नंतर. यात नवीन काय आहे?"

ती उठली आणि उन्हात गाडीकडे चालत गेली. पुढचं दार उघडलं. आतून गार हवेचा झोत चेहऱ्यावर आला. रिकामी ड्रायव्हरची सीट हाताला थंडगार लागली. मागे पद्मनाभराव टेकून बसलेले होते, डोळे मिटलेले. दाराच्या आवाजानं त्यांनी ते उघडले.

"बेस आहे," ते म्हणाले आणि हसले. "दार उघडलंस म्हणून गाडीचे मार्क कमी करूं नकोस आतां."

"काही त्रास?"

"कसला त्रास? झोंप येत होती."

तिनं दार लावलं आणि मागे वळली. मांडवापर्यंत पोचली आणि थांबली. पद्मनाभरावांनी बोलताना पाठ सीटपासून सोडवली होती, आणि सदरा सीटला चिकटून मग सुटला होता. बाविसावर ठेवलेल्या गाडीत कुणाचा सदरा चिकटत नाही.

ती परत गेली आणि या वेळी मागचं दार उघडलं.

बाहेर आली ती हवा शिळी आणि कोमट होती. दोन सीटच्या मधल्या जाळीतून वारा येत होता, आवाजही नेहमीसारखाच होता. तिनं तळहात धरला तर तो वारा केस वाळवायच्या यंत्रासारखा लागला. पद्मनाभरावांच्या कपाळावर घाम नव्हता, तो मानेवर होता, कॉलरच्या आत. ओठ कोरडे पडले होते.

"सर, बाहेर या."

"वेळ झाला कां?"

"झाला. या बाहेर."

त्यांना उठायला दाराच्या कडेला धरावं लागलं. तिनं त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही. यावरून तिला कळायचं ते कळलं. मांडवात आणून तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, मोठा पंखा त्यांच्याकडे फिरवला आणि पाण्याची बाटली हातात दिली. ते पाणी प्यायले आणि थोडं मानेवर ओतून घेतलं. कुशल उभा राहिला होता.

"मागच्या केबिनचं तापमान तुझ्या लॅपटॉपवर दिसतं?" तिनं त्याला विचारलं.

"दिसते. पण ते आपल्या चाचणीत नाही."

"काढ."

त्यानं काढलं. तापमापी गाडीत पहिल्यापासून होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. नळीची रेषा जिथे वाकली होती, नेमकी तिथूनच दुसरी रेषा वर निघाली होती. बावीस, सत्तावीस, तेहेतीस. आता छत्तीस.

"पुढे गार आहे," देविका म्हणाली. "मागे छत्तीस. हे काय लिहिलंयस तू?"

"बरोबर लिहिलं आहे." कुशलचा आवाज चढला. "एसीची ताकद कमी पडली की आधी मागच्या गारव्याची झडप बंद होते, पुढची चालू राहते. का? तर गाडी चालवणारा शुद्धीवर पाहिजे म्हणून. त्याला घाम आला, चक्कर आली, तर सगळेच गेले. हे मी माझ्या मनानं नाही ठरवलं, जगात असंच करतात. आणि समोर सूचना येते. मोठ्या अक्षरात. बघ जाऊन."

"कुणाच्या समोर?"

"ड्रायव्हरच्या."

तिनं कडुनिंबाकडे बोट केलं. ड्रायव्हर आता खाली बसला होता आणि मोबाइलवर काही तरी बघत होता.

कुशल तिकडे बघत राहिला. चेन्नईत चार वर्षं राहून मागच्या सीटवर बसायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्याच्याकडे छोटी गाडी होती, ती तो स्वतः चालवायचा, आणि बंद करूनच उतरायचा.

"पुढचा टप्पा कधी येतो?" देविकानं विचारलं.

"अजून तापली तर. अर्ध्या तासानं वगैरे. तेव्हा पुढचा गारवापण बंद होते." तो जरा थांबला. "पण पंखा चालूच राहते. काचांवर वाफ धरू नये म्हणून."

"म्हणजे आवाज येत राहतो."

"हो."

"म्हणजे झोपलेल्या माणसाला एसी चालूच आहे असं वाटतं."

"अगं, छत्तीसवर कोणी मरत नाही. नागपूरला आम्ही सत्तेचाळीसमध्ये क्रिकेट खेळतो. गरम झालं तर माणूस दार उघडेल ना? काच खाली करेल ना? मागे बटण आहे. हातपाय बांधून ठेवले आहेत का?"

हे त्याचं बोलणं चूक नव्हतं. ती पद्मनाभरावांकडे वळली.

"सर, तुम्हाला केव्हापासून उकडत होतं?"

"थोडा वेळ."

"किती?"

"झाला असेल बराच."

"मग दार का नाही उघडलंत? मी विचारलं तेव्हाही बेस म्हणालात."

पद्मनाभरावांनी बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं, पुन्हा सैल केलं. ते हसले. पण मघाचं, काचेतून हात हलवतानाचं ते हसणं नव्हतं.

"मज वाटलं, मजच होतें आहे," ते म्हणाले. "बीपीची गोळी बदलली आहे या आठवड्यांत. वाटलं, त्याचंच. वारा येत होता, आवाज येत होता, स्क्रीनवर बावीस लिहिलेलं होतं. एवढी गाडी. तिच्यांत कसें चुकेल? वाटलं, आपलंच शरीर आतां असें झालं." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "उगाच तुमची चाचणी कशाला मोडायची."



"बावीस लिहिलेलं होतं?" कुशलनं हळू विचारलं.

"मागच्या स्क्रीनवर. अजून असेल."

कुशल गाडीपर्यंत गेला, वाकून आत बघितलं, आणि परत आला. बावीस हा मागितलेला आकडा होता. गाडी काय देते आहे ते त्यातून कळत नव्हतं. हे तिघांनाही माहीत होतं आणि आजवर त्यात तिघांनाही काही वावगं वाटलं नव्हतं.

चार वाजून गेले होते. देविकानं टॅब समोर घेतला. नळी एकशे अडतीस, मर्यादा दीडशे. पाणी, तेल, टर्बोचं आवरण, सगळं मर्यादेत. तिच्या पानावर एकही लाल खूण नव्हती. खाली मंजुरीची रिकामी चौकट होती, अंगठ्याएवढी.

"बदलायला काय लागेल?" तिनं कुशलला विचारलं.

"दोन ओळी." तो खुर्चीवर बसला नव्हता. "पुढच्या सीटवर कोणी नसेल तर आधी पुढचं बंद कर, मागचं नको. माणूस बसला आहे की नाही हे सीटला कळतेच, सीटबेल्टसाठी. आणि मागे गारवा कमी झाला तर मागेच आवाज दे. दोन ओळी. मी इथं बसून लिहून देतो."

"आणि मग?"

"मग पूर्ण गाडीची चाचणी पहिल्यापासून. नियम आहे. सॉफ्टवेअर बदललं की सगळं पुन्हा."

"सहा आठवडे," पद्मनाभराव म्हणाले. एरवी ते टॉर्कचा आकडा उच्चारत तसाच त्यांनी हा आकडा उच्चारला. चूक होऊ नये एवढीच काळजी घेऊन.

महिनाअखेरीला दोन आठवडे उरले होते.

"तुझी सही इंजिनला आहे, अम्मा," ते पुढे म्हणाले. "सीटला नाहीं. सीटची सही झाली. गेल्या थंडींत, तिकडे मुख्यालयांत. ती कोणी मागें घेत नाहीं."

"माहीत आहे मला."

"इंजिन पास झालं आहे."

"झालंय."

"मग?"

त्यांचा तो प्रश्न दटावणीचा नव्हता आणि विनवणीचाही नव्हता. आपल्या हाताखालच्या इंजिनिअरला पुढचं कळतं आहे की नाही हे तपासताना ते नेहमी असंच 'मग?' म्हणत. अण्णा नगरच्या त्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांपैकी एकही देविकाला आठवत नव्हतं. तिनं तेव्हा फक्त बॉनेटांकडे पाहिलं होतं. उभ्या गाडीत मागे कोण बसलंय हे तिनं मुख्यालयाला लिहिलेल्या प्रत्येक अर्जात पहिल्या ओळीत लिहिलं होतं, आणि तापमापी मात्र सगळे पुढे लावले होते.

"चाचणी दोन तासांची ठरली होती," ती म्हणाली. "मध्ये दार उघडलं म्हणून मोडली. नव्यानं सुरू करते. ड्रायव्हर खालीच राहील. या वेळी मागची रेषापण नोंदीत येईल."

"आणि मागे कोण बसेल?" पद्मनाभराव खुर्चीचे हात धरून उठायला लागले.

"तुम्ही नाही."

"मी बसतो," कुशल म्हणाला.

"तुझा काय उपयोग?" देविका म्हणाली. "तू तिशीचा घोडा. शिवाय एसी बंद होणार हे तुला माहीत आहे. तू उघडशीलच दार."

"तेच बघायचं आहे. माहीत असून किती वेळ बसता येते." त्यानं लॅपटॉप तिच्याकडे सरकवला, घड्याळ काढून त्यावर ठेवलं. "मी लिहिलं आहे ना. मग माझीच सीट."

"मोबाइल चालू ठेव. मी फोन केला की उचलायचा. नाही उचललास तर मी दार उघडणार, मग निर्दोष की सदोष ते नंतर बघू."

"हो, माय," तो म्हणाला, आणि उन्हात गेला.

मागचं दार बंद झाल्याचा आवाज आला नाही. या गाडीची दारं शेवटचं बोटभर अंतर आपली आपण ओढून घेतात. देविकानं नोंद पुन्हा सुरू केली. टॅबवर आता दोन रेषा होत्या. दोन्ही गरम गाडीपासून निघाल्या होत्या, त्यामुळे या खेपेला सगळं लवकर घडणार होतं.

पद्मनाभरावांनी खुर्ची तिच्या शेजारी आणली. बराच वेळ ते दोन्ही रेषांकडे बघत राहिले. मध्येच त्यांनी घरी फोन लावला आणि तमिळमध्ये दोनच वाक्यं बोलले: उशीर होईल, आणि जेवून घे. पलीकडून काही विचारलं गेलं. "मी बरा आहे," ते मराठीत म्हणाले, "खरोखर बरा."

देविकानं कुशलला पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्यानं लगेच उचलला.

"काय म्हणतोस?"

"मसाज चांगला आहे."

दुसऱ्यांदा केला तेव्हा तो जरा थांबून बोलला.

"उकडते आहे?"

"आहे."

"ये बाहेर."

"थांब ना. आवाज अजिबात बदलला नाही गं. मी कान देऊन बसलो होतो. कधी बंद झालं ते मलापण कळलं नाही." फोनवर त्याचा श्वास ऐकू आला. "मला, म्हणजे बघ."

नळीची रेषा एकशे चाळीसवर पोचली आणि वाकली. पुढचा गारवाही आता बंद झाला होता. ड्रायव्हरच्या समोर एकामागून एक दोन सूचना लागलेल्या असणार, आणि त्या वाचायला तिथे कुणी नव्हतं.

साडेपाचच्या सुमारास टेबलावरचा फोन वाजला. गेटवरून होता. पद्मनाभरावांनी उचलला. ट्रेलरवाले विचारत होते: रस्त्यावर शिफ्टच्या बसगाड्यांची गर्दी व्हायच्या आत निघायचं आहे, गेट उघडायचं का? त्यांनी ऐकून घेतलं, पलीकडच्या माणसाला एक मिनिट थांबायला सांगितलं, आणि फोन छातीशी धरून ते देविकाकडे बघू लागले. तिचा अंगठा टॅबच्या कडेवर होता. तिनं वर पाहिलं नाही. डाव्या हातानं ती कुशलला तिसऱ्यांदा फोन लावत होती.

कुशलच्या फोनची घंटा वाजत होती. इंजिनाचे सगळे आकडे मर्यादेत होते. मागच्या सीटचं तापमान अडतीस पूर्णांक चार, स्क्रीनवर बावीस, आणि मागचं दार अजून उघडलं नव्हतं.